मजूर मिळत नाही, की मजुरी?

"कोरोनापासून माणसं कामाची राहिली नाहीत."

गोंदियात हे वाक्य कुठंही कानावर येतं. राइस मिलच्या गादीवर, कापडाच्या दुकानात, धानाच्या बांधीवर, लग्नाच्या पंगतीत. बोलणारा बहुतेक वेळा मालक असतो, नाहीतर साहेब. ज्याच्याबद्दल बोलणं चाललेलं असतं तो तिथं नसतो. तो कामावर असतो.

मला हे वाक्य मान्य नाही. माणसं बदलली, हे खरं आहे. पण कोणती माणसं बदलली, कशानं बदलली, आणि कोणाच्या वागण्यानं बदलली? इथवर कोणी जात नाही. निदान तारखा तरी समोर ठेवू.

२२ मार्च २०२० ला जनता कर्फ्यू झाला, २४ च्या रात्री टाळेबंदी जाहीर झाली. २९ मार्चला केंद्रीय गृह मंत्रालयाचा आदेश निघाला: काम बंद असलं तरी कामगाराचा पगार कापायचा नाही. १८ मेपासून तो आदेशच गेला. १२ जूनला सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, मालकांवर सक्तीची कारवाई नको, मालक-कामगारांनी बोलणी करून मार्ग काढावा. बोलणी कोणी कोणाशी करायची? पोती वाहणारा हमाल शेटसमोर कोणता कागद घेऊन बसणार? त्याच्या हजेरीची वहीसुद्धा शेटकडेच असते.

याच काळात राज्य सरकारनंही पगाराला हात लावला. मार्च २०२० चा पगार टप्प्यानं दिला गेला. अ आणि ब वर्गाला आधी निम्मा, क वर्गाला ७५ टक्के, ड वर्गाला पूर्ण. उरलेला नंतर मिळाला. म्हणजे एकाच जिल्ह्यात, एकाच महिन्यात, काहींचा पगार उशिरा आला आणि काहींचा आलाच नाही.

दोघांच्या मनावर एकच परिणाम होईल का?

मे २०२० मधला महामार्ग ५३ आठवा. नागपूरकडून साकोली, कोहमारा, देवरी करत छत्तीसगडच्या सीमेकडे जाणारा. मुंबई, पुणे, नागपूर सोडून निघालेली माणसं त्या रस्त्यानं गेली. ट्रकच्या टपावर, सायकलवर, पायी, पोरं खांद्यावर घेऊन. पुढं बागनदीची सीमा, तिथं नोंदणी, तिथं पुन्हा थांबणं. रस्त्यावरच्या गावांनी पाणी दिलं, जेवण दिलं, जुन्या चपलाही दिल्या. ज्यांच्याकडे ती वर्षानुवर्षं राबली होती, त्यांच्यापैकी कितींनी साधा फोन केला?

आपलीही माणसं बाहेर होतीच. गोंदिया, भंडारा, गडचिरोलीचे मजूर दरवर्षी मिरची तोडायला तेलंगणात जातात. मार्चमध्ये मिरचीचा हंगाम भरात असतो. टाळेबंदी लागली तेव्हा ते शेतात होते. राहायला पाल, वाहनं बंद, हातात अर्धवट हिशेब. कित्येक जण जंगलवाटेनं चालत आले.

असा माणूस पुढच्या वर्षी मुकादमाला आधी काय विचारेल? "अडकलो तर आणून कोण सोडणार?" हा प्रश्न विचारला की तो 'माजलेला' ठरतो.

आता आकडे. देशातल्या एकूण रोजगारात शेतीचा वाटा वर्षानुवर्षं घटत आला होता. २०१८-१९ मध्ये तो ४२.५ टक्के होता. २०१९-२० मध्ये ४५.६ झाला, २०२०-२१ मध्ये ४६.५. सरकारच्याच श्रमबल सर्वेक्षणाचे हे आकडे. २०२३-२४ मध्येही तो ४६ च्या पुढंच होता. शहरातून परतलेला माणूस शेतीत शिरला आणि बराचसा तिथंच राहिला. शेतीत सोनं पिकतं म्हणून नव्हे. शेतातून कोणी रातोरात हाकलत नाही म्हणून.

त्याच २०२०-२१ मध्ये रोजगार हमीवर देशभरात ३८९ कोटी मनुष्यदिवस काम झालं. योजना सुरू झाल्यापासून इतकं कधीच झालं नव्हतं. महाराष्ट्रात तेव्हा रोजी होती २३८ रुपये. एप्रिल-मेच्या उन्हात, तोंडाला फडकं बांधून, २३८ रुपयांसाठी माती उचलणाऱ्या माणसाला काम नको होतं?

यावर लगेच ऐकवलं जातं: फुकटच्या रेशननं मजूर बिघडला.

फुकटचं रेशन म्हणजे माणशी महिन्याला पाच किलो. धान पिकवणाऱ्या, दोन्ही वेळ भात खाणाऱ्या जिल्ह्यात पाच किलो तांदूळ किती दिवस पुरतो, हे मला सांगायला नको. तेल, डाळ, मीठ, मोबाइलचा रिचार्ज, पोराची फी, म्हाताऱ्याच्या गोळ्या यांतलं काहीही रेशनच्या दुकानात फुकट मिळत नाही.

मग दुसरं कारण पुढं येतं. लाडकी बहीण. जुलै २०२४ पासून महिन्याला दीड हजार. दिवसाचे पन्नास रुपये. पन्नास रुपयांसाठी बाई रोजी सोडून घरी बसत असेल, तर तिची रोजी किती असेल याचा विचार आधी करा.

खरं कारण पाहायचं तर गोंदियाच्या फलाटावर उभं राहावं लागतं. गोंदिया म्हणजे जंक्शन. आमगाव, सालेकसा, तिरोडा, अर्जुनी, बालाघाट, सगळीकडून माणूस इथं कामाला येतो तो पॅसेंजरनं. मार्च २०२० मध्ये पॅसेंजर बंद पडली. पुढं सुरू झाली ती 'स्पेशल' नावानं, एक्सप्रेसच्या भाड्यानं. दहा रुपयांचं किमान तिकीट तीस रुपयांचं झालं. हे भाडं खाली आलं ते थेट फेब्रुवारी २०२४ मध्ये. त्यातच आमच्या मार्गावर ब्लॉक आणि रद्द गाड्यांचा त्रास सुरूच.

तोवर येऊन-जाऊन साठ रुपये. दुकानातल्या पोऱ्याच्या रोजीतून साठ रुपये वजा करा आणि मग त्याला आळशी म्हणा.

बाजारातले दुकानदार सांगतात, चांगली पोरं टिकत नाहीत. खरं आहे. काहींनी ई-रिक्षा घेतली. काही मोबाइल दुरुस्ती शिकले. काहींनी गावातच चिकन सेंटर टाकलं, कुणी पाणीपुरीची गाडी लावली. कमाई दुकानातल्या पगाराएवढीच, कधी त्याहून कमी. पण २०२० मध्ये "उद्यापासून येऊ नको" हे त्यांनी दुसऱ्याच्या तोंडून ऐकलं होतं. पुन्हा ऐकायचं नाही, एवढं त्यांनी ठरवलं. याला कामाचा कंटाळा म्हणत नाहीत.

धानाच्या बांधीतही तेच. रोवणीच्या दिवसांत बाया मिळत नाहीत, मिळाल्या तर भाव सांगतात, रोजीनं येत नाहीत, गुत्त्यानं येतात. एकराचा दर ठरला की दहा-बारा जणी मिळून पहाटे पऱ्हे उपटायला लागतात आणि दिवस मावळायच्या आत रोवून मोकळ्या होतात. रोजीत जे काम रेंगाळायचं ते गुत्त्यात झपाट्यानं होतं. मग कामाची वृत्ती बिघडली की सुधारली? बिघडलं ते एवढंच की दर आता बाई ठरवते.

इथं शेतकऱ्याची बाजू मांडायलाच हवी. गोंदियाचा धान उत्पादक काही बागायतदार नाही. २०२०-२१ मध्ये साधारण धानाचा हमीभाव क्विंटलला १,८६८ रुपये होता. त्या वर्षी राज्यानं पन्नास क्विंटलपर्यंत सातशे रुपये बोनस दिला. पुढं बोनसची रीत बदलली, हेक्टरी रक्कम आली, ती मिळायलाही वाट पाहावी लागली. खत वाढलं, ट्रॅक्टरचं डिझेल वाढलं, रोवणी वाढली. तो मजुरी कुठून वाढवणार? दोन एकरवाला आणि रोवणीवाली एकमेकांवर चिडतात, तेव्हा दोघांचाही गुन्हेगार त्या बांधीत नसतो. तो धानाचा भाव ठरवत असतो.

मिलवाल्यांची गोष्ट वेगळी. टाळेबंदीत मिल थांबल्या नाहीत, थांबून चालणारही नव्हतं. एप्रिल २०२० पासून गरीब कल्याण योजनेचा तांदूळ देशभर जायचा होता. सरकारी धानाची भरडाई, पोती भरणं, ट्रक लावणं. ती पोती उचलली कोणी? मास्क लावून पोतं पाठीवर घेऊन दम कसा लागतो, ते त्या हमालांना विचारा. त्यांच्या पाठीवरून गेलेला तांदूळ खाऊन देशानं ते वर्ष काढलं.

माथाडी, हमालांसाठी महाराष्ट्रानं १९६९ मध्ये कायदा केला. गोंदियाच्या किती मिलमधले किती हमाल त्या कायद्याखाली नोंदलेले आहेत? किती जणांचा भविष्य निर्वाह निधी कापला जातो? मालकांच्या संघटनेनं एकदा यादीच लावावी. यादी लागली की "हमाल टिकत नाही" या तक्रारीचं उत्तर त्यांना आपोआप सापडेल.

आशाताईंकडे वळू. जिल्ह्यातल्या प्रत्येक गावात कोरोनाचं पहिलं दार त्यांनी वाजवलं. सप्टेंबर २०२० मध्ये 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' मोहीम आली. घरोघर जा, ताप मोजा, ऑक्सिजन पाहा, नोंदी करा, शिव्या खा. यासाठी केंद्राचा कोविड भत्ता होता महिन्याला एक हजार. दिवसाला तेहतीस रुपये. गावानं बाहेरून आलेल्या माणसाला वेशीवर अडवलं, आशाताईला मात्र त्याच्या घरात पाठवलं.

जून २०२१ मध्ये त्यांनी संप केला. मानधनात हजार आणि कोविड भत्त्याचे पाचशे, असे दीड हजार वाढले. मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं देशातल्या आशांचा गौरव केला. आणि पाच हजारांच्या वाढीचा शासन निर्णय पदरात पडायला मार्च २०२४ उजाडलं, तेही आझाद मैदानात बसल्यावर. जिनिव्हाला जे दिसलं ते मंत्रालयाला दिसायला पावणेदोन वर्षं लागली.

आज आशाताई नव्या कामाचं पत्र आलं की आधी विचारतात, "याचा मोबदला किती?" अधिकाऱ्यांना हे खटकतं. मला यात खटकण्यासारखं काही दिसत नाही. साहेबांच्या प्रत्येक दौऱ्याला प्रवासभत्ता लागतोच ना?

कोविड केंद्रांमध्ये कंत्राटावर घेतलेल्या परिचारिका, वॉर्डबॉय, तंत्रज्ञ आठवतात का? लाट आली की बोलावणं, लाट ओसरली की कार्यमुक्तीचं पत्र. पीपीई किटमध्ये घामानं भिजून आठ-आठ तास उभ्या राहिलेल्या मुलींना सरकारनं एका ओळीच्या पत्रात घरी पाठवलं. त्या पुन्हा कोणत्याही खात्यावर विश्वास ठेवून रात्रपाळी करतील?

एसटीचंही तसंच. २०२० मध्ये मुंबईत बेस्टच्या मदतीला एसटी धावली, त्यासाठी राज्यभरातल्या आगारांतून चालक-वाहक नेले. कित्येक जण आजार घेऊन घरी आले. पगार मात्र महिनोन्महिने रखडले. ऑक्टोबर २०२१ च्या अखेरीस संप पेटला. राज्यातली आगारं बंद पडली, आपली गोंदिया आणि तिरोड्याचीही. मुंबई उच्च न्यायालयानं २२ एप्रिल २०२२ पर्यंत कामावर परतायला सांगितलं, तेव्हा मिटला. त्या पाच-सहा महिन्यांत खेड्यातल्या पोरींची शाळा बुडाली, याचं मला आजही वाईट वाटतं. पण ज्याच्या घरात तीन महिने पगार नाही, त्याला स्टिअरिंग धरून बस म्हणायचा अधिकार कोणाला होता?

आता दुसरी बाजू. कारण "कामाची वृत्ती बिघडली" हे वाक्य एका ठिकाणी खरं आहे, आणि तिथं ते कोणी म्हणत नाही.

२९ फेब्रुवारी २०२० पासून राज्य सरकारी कार्यालयांना पाच दिवसांचा आठवडा लागू झाला. बदल्यात रोजची वेळ वाढली: सकाळी पावणेदहा ते संध्याकाळी सव्वासहा. महिनाही झाला नाही तोच टाळेबंदी आली. उपस्थिती पाच टक्क्यांवर गेली, पुढं वाढली, एप्रिल २०२१ मध्ये पुन्हा पंधरा टक्क्यांवर आली. बोटांचे ठसे घेणारी यंत्रं संसर्गाच्या भीतीनं बंद झाली. ते सगळं गरजेचं होतं. पण कोरोना गेला तरी सवय गेली नाही. शनिवारची सुट्टी पक्की झाली, पावणेदहाची वेळ पक्की झालीच नाही.

देवरी, सालेकसा, अर्जुनी मोरगावच्या माणसाला तालुक्याच्या कार्यालयात काय ऐकायला मिळतं? पूर्वी "साहेब दौऱ्यावर आहेत." आता "साहेब व्हीसीत आहेत." दौऱ्यावरचा साहेब निदान कुठंतरी पोचायचा.

टाळेबंदीत व्हिडिओ कॉन्फरन्सनं कामं अडू दिली नाहीत, हे मान्य. पण आज जिल्हा परिषदेपासून पंचायत समितीपर्यंत अर्धा दिवस पडद्यासमोर जातो. वरचा खालच्याला आकडे विचारतो, खालचा त्याच्या खालच्याला. सर्वांत खाली जो आहे, तो दारात उभ्या माणसाला म्हणतो, "उद्या या." सातबारा, जातीचा दाखला, घरकुलाचा हप्ता यांपैकी एकही काम व्हीसीत होत नाही.

आणि अपडाऊन. हा आमच्या जिल्ह्याचा जुना दुखरा विषय. नोकरी सालेकशात, घर गोंदियात. नोकरी अर्जुनीत, घर नागपुरात. मुख्यालयी राहण्याची अट कागदावर, घरभाडे भत्ता खात्यावर. नक्षलग्रस्त आणि आदिवासी भागात काम करतात म्हणून ६ ऑगस्ट २००२ च्या शासन निर्णयानं प्रोत्साहन भत्ताही दिला. २०२० मध्ये गाड्या बंद झाल्या आणि एका झटक्यात कळलं की मुख्यालयी कोण राहतो. जो राहत होता त्याच्या गावात कामं झाली. जो राहत नव्हता तो फोनवर राहिला.

तो अजूनही फोनवरच आहे. "व्हॉट्सअॅपवर टाकून द्या, पाहतो." पाहिल्याच्या दोन निळ्या खुणा येतात. दाखला येत नाही.

शिक्षकांबद्दल सरसकट बोलायला मी तयार नाही. त्यांना सीमेवरच्या नाक्यांवर उभं केलं, विलगीकरण केंद्रांवर बसवलं, रेशन दुकानाच्या रांगा सांभाळायला लावलं. ग्रामीण भागातली पहिली ते चौथी मार्च २०२० मध्ये बंद झाली ती १ डिसेंबर २०२१ ला उघडली. वीस महिने. या वीस महिन्यांत 'शाळा बंद, पण शिक्षण सुरू' अशी घोषणा होती. ज्या घरात एकच फोन, तोही बापाबरोबर कामावर जाणारा, तिथं दीक्षा अॅप कोण उघडणार?

काही गुरुजी मोहल्ल्यात गेले. झाडाखाली, ओट्यावर, समाजमंदिरात पाच-पाच पोरं घेऊन बसले. काहींनी रोज सकाळी पालकांच्या गटावर पीडीएफ टाकली आणि दिवस संपवला. पगार दोघांचा एकच. गोपनीय अहवालही एकच. आज पाचवी-सातवीतल्या ज्या पोराला जोडाक्षर वाचता येत नाही, त्याच्याकडे पाहून सांगता येतं की त्याच्या गावात यांपैकी कोण होतं.

पण आपल्याकडे झाडाखाली शिकवणाऱ्याला कधी वेगळा निवडला का? त्याची पाठ थोपटणारा एखादा कागद तरी त्याच्या सेवापुस्तकात गेला का? नाही गेला. मग त्यानं पुढच्या वेळी काय करावं अशी आपली अपेक्षा आहे?

विनाअनुदानित शाळेतल्या मास्तरांची तर नोंदही कुठं नाही. फी थांबली, पगार थांबला. बीएड झालेली माणसं भाजीचा ठेला लावून बसली. शाळा सुरू झाल्यावर त्यातले काही परतले, काही परतले नाहीत. भाजीतून रोज पैसे मिळतात, हे त्यांना कळलं होतं.

पोरं बापाकडे पाहून शिकतात. २०२० मध्ये बापाचं खासगी काम सुटलेलं आणि शेजारच्या बाबूचा पगार चालू असलेला, हे दृश्य ज्या पोरानं पाहिलं, ते आज पहाटे पाचला मैदानावर पोलीस भरतीसाठी पळतंय. २०२३ च्या तलाठी भरतीत साडेचार हजारांच्या आसपास जागांसाठी दहा लाखांहून अधिक अर्ज आले. दहा लाख! आणि आपण म्हणतो, पोरांना काम नको.

या पोरांशी व्यवस्था कशी वागली? ४ मे २०२० च्या शासन निर्णयानं भरती थांबवली. ती खुली झाली तर २०२१ मध्ये आरोग्य विभागाचा पेपर फुटला, म्हाडाचा फुटला, टीईटीतला घोटाळा निघाला. वयाची मर्यादा संपत आलेल्या पोराला प्रामाणिक कष्टाचं व्याख्यान देणाऱ्यानं आधी पेपर फोडणाऱ्यांचं काय झालं ते सांगावं.

मार्च २०२३ मध्ये सरकारी कर्मचारी जुन्या पेन्शनसाठी सात दिवस संपावर गेले. नोव्हेंबर २००५ नंतर लागलेल्यांना ती नाही, हे दुखणं जुनंच. पण कोरोनात सहकारी गेलेले पाहिल्यावर ते जास्त ठणकू लागलं. तेव्हा बेरोजगार पोरांनी काही ठिकाणी उलट हाक दिली, आम्ही निम्म्या पगारात काम करतो. दोघंही खोटं बोलत नव्हते. एकाला म्हातारपणाची धास्ती होती, दुसऱ्याला तरुणपणाची.

पुण्या-हैदराबादेत संगणकावर काम करणारी आमची पोरं २०२० मध्ये घरी आली. आमगावात, गोरेगावात, तिरोड्यात माडीवर टेबल लागलं. आईबापांनी पोराचं काम पहिल्यांदा डोळ्यांनी पाहिलं. सकाळी दहाला बसलेला पोरगा रात्री अकरालाही कानाला यंत्र लावून बसलेला. तिरोड्याला ३,३०० मेगावॉटचं वीज केंद्र असलेल्या या जिल्ह्यात, गावची वीज गेली की त्याची मीटिंग जायची. तरी त्यानं काम केलं. धानकापणीत बापाला हातभारही लावला.

त्या काळात एका मोठ्या कंपनीची घोषणा गाजली होती. टीसीएसनं एप्रिल २०२० मध्ये सांगितलं, २०२५ पर्यंत पंचवीस टक्के लोकच कचेरीत लागतील. ऑक्टोबर २०२३ पासून त्याच कंपनीत आठवड्याचे पाचही दिवस कचेरी. गावात घर दुरुस्त करून बसलेल्या पोरांनी पुन्हा पुण्यात खोल्या शोधल्या. म्हाताऱ्यांचं काय, हे कोणत्याच परिपत्रकात नव्हतं.

त्याच ऑक्टोबरात नारायण मूर्तींनी तरुणांना आठवड्याला सत्तर तास काम करायला सांगितलं. जानेवारी २०२५ मध्ये एल अँड टीच्या अध्यक्षांनी नव्वद तासांची भाषा केली. सप्टेंबर २०२५ मध्ये आपल्या राज्याच्या मंत्रिमंडळानं कारखान्यातला दिवस नऊ तासांवरून बारापर्यंत नेण्याला मंजुरी दिली. कोरोनात गुजरातनं अशीच बारा तासांची मुभा दिली होती, जादा तासांचा दुप्पट दर न देता. १ ऑक्टोबर २०२० ला सर्वोच्च न्यायालयानं ती रद्द केली. महामारीत जे टिकलं नाही, त्याची महामारी संपल्यावर इतकी घाई कोणाला आहे?

सत्तर आणि नव्वद तासांचा हिशेब रोवणीवालीला सांगा. ती घरचं, दारचं, बांधीतलं धरून कधीच त्याच्या पुढं गेली आहे. तिला त्याचे शेअर मिळाले नाहीत.

घरून काम ही गोष्टही गोंदियाला कोणी शिकवायची गरज नव्हती. इथल्या बिडी वळणाऱ्या बाया पिढ्यान्‌पिढ्या घरूनच काम करत आल्या. मांडीवर सूप, सुपात तेंदूपत्ता आणि जर्दा, हजार बिड्यांवर मजुरी. खराब म्हणून बाजूला काढलेल्या बिड्यांचे पैसे नाहीत. १९६६ च्या बिडी कामगार कायद्यानं घरून काम करणारीलाही कामगार मानलं. साठ वर्षांपूर्वी! तरी तिच्या कार्डाचं, निधीचं, दवाखान्याचं रडगाणं चालूच आहे. शहरातल्या पोरांचं घरून काम सुरू झालं तेव्हा त्यांना खुर्चीसाठी पैसे देणाऱ्या कंपन्याही निघाल्या. बिडीवालीची मान आणि बोटं वाकडी झाली त्याचे पैसे कोण देणार?

तिच्या पोरीला बिडी वळायची नाही. ती नर्सिंगला गेली, किंवा नागपूरला मॉलमध्ये लागली, किंवा घरी बसून परीक्षेचा अभ्यास करते. "आजकालच्या पोरींना बसून काम नको." हो, नको. आईची बोटं तिनं रोज पाहिली आहेत.

मग कोरोनात माणसं टिकवली कोणी? अशीही दुकानं, मिल आणि शेतकरी या जिल्ह्यात आहेत, ज्यांनी त्या दोन महिन्यांत निम्मा का होईना पगार दिला, घरी धान्य पोचवलं, गडी आजारी पडला तर दवाखान्यात नेलं. त्यांच्याकडे जा. तोच हमाल, तोच मुनीम, तोच ड्रायव्हर आजही दिसेल. त्यांच्या तोंडी मजूर मिळत नसल्याची तक्रार मी ऐकलेली नाही.

बाकीच्यांनी पगार वाढवायच्या गोष्टी नंतर कराव्यात. आधी २०२० ची वही काढा. एप्रिल आणि मेची पानं. माणसाचं नाव, भरलेले दिवस, दिलेली रक्कम, बाकी. निघाली बाकी तर या हप्त्यातच देऊन टाका. माणूस त्याच गावात आहे, फोन नंबरही बदललेला नाही.